मदत हवी आहे: भुईचाफ्याचे गड्डे पार्सलने कधी पाठवावेत?

भुईचाफ्याची (जमिनीलगत फुलणारं, गड्ड्यापासून वाढणारं रोप) जुनी कुंडी गच्च भरली आहे, गड्डे वाटायचे आहेत. पानं पूर्ण वाळल्यावर पाणी बंद करून काढते आणि प्रत्येक तुकड्याला डोळा (कोंब येण्याची जागा) ठेवते. मुळांच्या टोकांच्या नुसत्या गाठी कितीही टपोऱ्या असल्या तरी त्यांना कोंब फुटत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी आली, वर्तमानपत्रात गड्डे सुरकुतले. भोकं पाडलेल्या खोक्यात, कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) छान टिकतात, पण हाताळणीत गाठी तुटतात आणि मग त्या वर्षी नुसती पानंच येतात. प्रवास ४-५ दिवसांचा, त्यामुळे पानांसकट रोप पाठवता येणार नाही. पानं वाळताच गड्डे पाठवावेत, की कुंडीतच कोरडे ठेवून कोंब टपोरल्यावर? आणि त्याच वर्षी फूल हवं तर डोळ्यासोबत किमान किती गाठी शाबूत लागतात?