एका शहराला किती धनी? गोखले पूल आणि बारभाईंचा कारभार

अंधेरीकर (धागाकर्ता)

२६ फेब्रुवारी २०२४ ला अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू उघडली. नोव्हेंबर २०२२ पासून आम्ही वळसे घालत होतो, त्यामुळे हौसेने बघायला गेलो. बघतो तर शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल, जो जुन्या गोखले पुलाला सरळ जोडलेला होता, तो जवळपास दीड मीटर खाली! रेल्वेच्या नव्या नियमाने रुळांवरचा भाग उंच घ्यावा लागला, पोहोचरस्ता महापालिकेचा, आणि मधली उंची कोणाच्याच कागदावर नाही. मग व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेला विचारा, जॅक लावून बर्फीवाला उचला. जुलै २०२४ मध्ये एकदाची जोडणी झाली. हा जादा खर्च कोणाच्या खिशातून? तुमच्या-माझ्याच.

माझं म्हणणं सरळ आहे. एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) १९७५ ची, एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) १९९६ ची, शिवाय महापालिका, म्हाडा, सार्वजनिक बांधकाम, रेल्वे. प्रत्येकाचे अभियंते वेगळे, सल्लागार वेगळे, निविदा वेगळ्या. वांद्रे पूर्वचा स्कायवॉक, म्हणजे पादचाऱ्यांचा उंच पूल, घ्या. २००८ साली एमएमआरडीएने बांधला, पुढे महापालिकेच्या गळ्यात पडला, २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद, मग पाडला, आणि पालिकेने पुन्हा बांधायला घेतला. ही दुकानं बंद करून एकच ठेवा.

लेखाशीर्ष

सरकारी हिशेबात हयात गेली म्हणून लिहितो. तुम्ही दोन वेगळे रोग एकाच औषधाच्या बाटलीत कोंबताय. तेच काम दोघांनी करणं ही द्विरुक्ती. गोखले पुलाचं प्रकरण समन्वयाचं आहे. रेल्वे काही महापालिकेत विलीन होणार नाही, म्हणजे उद्या एमएमआरडीए मोडीत काढली तरी तो दीड मीटर तिथेच राहिला असता.

उलट उदाहरण देतो. कोस्टल रोड महापालिकेचा, वांद्रे-वरळी सागरी सेतू एमएसआरडीसीचा. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही समुद्रात कमानीच्या पुलाने जोडले गेले. दोन यंत्रणा, दोन काळातली बांधकामं, तरी उंची चुकली नाही. का? जोड द्यायची हे पहिल्या दिवसापासून आराखड्यात होतं.

वैतागवाडी

आराखडा वगैरे ठीक आहे काका, आमच्या गल्लीत या. गेल्या पावसाळ्याआधी डांबर पडलं. पंधरा दिवसांत पाण्याच्या लाइनसाठी चर. तो बुजवला, वर पेव्हर ब्लॉक बसवले. दिवाळीत गॅसवाले आले, ते ब्लॉक काढून कडेला रचले, त्यातले निम्मे कोणीतरी झाडांचे कठडे करायला नेले. संक्रांतीला केबल. आता त्या पट्ट्यावर तीन रंगांचे ब्लॉक आहेत, रांगोळीच म्हणा. प्रत्येक खणणाऱ्याकडे परवानगी होती, हे विशेष!

अंधेरीकर

@लेखाशीर्ष, जोडलं हे मान्य. पण किनारा बघा ना. मरीन ड्राइव्ह ते वरळी महापालिका, पुढे वांद्रे एमएसआरडीसी, वांद्रे ते वर्सोवा पुन्हा एमएसआरडीसी, वर्सोव्याच्या पुढे दहिसरकडे परत महापालिका, उत्तन-विरार एमएमआरडीए. एकाच समुद्राला तीन कार्यालयं! गाडी एकच, पण कोस्टल रोडवर टोल नाही आणि सेतूवर आहे.

तिकीटघर

एकच यंत्रणा हवी म्हणणाऱ्यांनो, ती कोणाला उत्तर देणार? वाईट का होईना, नगरसेवकाला पाच वर्षांनी मतं मागायला यावं लागतं. प्राधिकरणाच्या साहेबांना कोण विचारतो? मार्च २०२२ नंतर महापालिकेतही प्रशासकच बसले होते, तेव्हा वॉर्डात कोणाचं दार ठोठवायचं हे आठवून बघा. सगळ्या तिजोऱ्या एका ठिकाणी आल्या की किल्ली मंत्रालयात जाणार. वाया जाणारे चार पैसे परवडले, पण ते नको.

लेखाशीर्ष

मी तेवढ्या टोकाला जाणार नाही, वाया जाणारे पैसे मला परवडत नाहीत. पण 'एकच करा' याचा इतिहासही बघा. सगळ्या वाहतुकीचा मेळ घालायला २००८ मध्ये एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण नेमलं. अनेक यंत्रणांवर उपाय म्हणून आणखी एक यंत्रणा! कायद्याचं बळ नसल्याने ती बरीच वर्षं बैठकांपुरती. खरी मेख पैशात आहे. बांधणाऱ्याला बांधायचा निधी मिळतो, दुरुस्तीचा खर्च दुसऱ्याच्या अंदाजपत्रकात जातो. तुमचा स्कायवॉक त्याचाच बळी. बांधेल त्यानेच वीस वर्षं सांभाळावं अशी अट घाला, मग किती स्कायवॉक बांधले जातात बघू.

मुठेकाठचा

मुंबईकरांनी एवढं लावून घेऊ नये. आमच्या पुण्याच्या विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २००६ च्या सुमारास झाले आणि २०२० मध्ये पाडले, कारण मेट्रो आणि नवा दुमजली पूल त्यात बसेना. पहिले दुसऱ्याच यंत्रणेचे, नवं काम पीएमआरडीएचं, म्हणजे पुण्याच्या महानगर विकास प्राधिकरणाचं. चौदा वर्षांत पूल म्हातारा नव्हता झाला हो.

अंधेरीकर

वीस वर्षांची अट आवडली, तेवढं मागे घेतो. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये पूर्व आणि पश्चिम हे दोन्ही द्रुतगती महामार्ग एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले, ते कशासाठी? खड्डा कोणाचा यावर दर पावसाळ्यात होणारी टोलवाटोलवी थांबावी म्हणूनच ना? म्हणजे एक धनी हवा हे सरकारलाही पटलं होतं, निदान त्या दोन रस्त्यांपुरतं.

तिकीटघर

धनी एक झाला. खड्डे?

वैतागवाडी

चालू द्या तुमचं. आज सकाळी आमच्या रांगोळीवर कोणीतरी चुन्याच्या रेघा मारून गेलंय, म्हणजे परत खणणार. कुठल्या खात्याचे म्हणून त्या पोराला विचारलं, तर म्हणतो, "खातं माहीत नाही, आम्ही ठेकेदाराची माणसं."