बंद कारखान्यातला धोका जमिनीखालचाही

छताचे पत्रे आणि गंजलेले जिने सांभाळले की बंद पोलाद कारखान्यात फोटो काढायला हरकत नाही, असं बरेच जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. कुजलेला पत्रा निदान दिसतो तरी. रोलिंग स्टँडखालचा (तापलेलं पोलाद दाबणाऱ्या रोलरच्या चौकटीखालचा) स्केल पिट, म्हणजे पोलादावरून सुटलेले पापुद्रे पडायचा खड्डा, केबलचे बोगदे, झाकलेल्या पाण्याच्या टाक्या यांतला धोका दिसतच नाही. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खेचून घेतं. बंदिस्त जागेत वर्षानुवर्षं गंज चढत राहिला की आतली हवा श्वासाला पुरत नाही, आणि तिला ना रंग ना वास. एरवी हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १० च्या खाली गेला तर माणूस काही कळायच्या आत कोसळतो. त्याला काढायला उतरणाराही तसाच जातो. धुळीचा मास्क इथे निरुपयोगी आहे.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका बंद री-रोलिंग मिलमध्ये (पोलाद पुन्हा तापवून सळ्या-पट्ट्या काढायच्या कारखान्यात) मालकाची परवानगी काढून गेलो, तेव्हा तिथेच फिटर असलेले एक काका सोबत होते. पिटच्या झाकणाला त्यांनी हातही लावू दिला नाही. पण कोणत्या स्टँडवर काय व्हायचं, गरम माल गार करायचा कूलिंग बेड कुठे होता, सगळं सांगितलं. प्रत्येक फोटोखाली ते लिहून ठेवलंय. जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या आपल्या नागपूरच्या एम्प्रेस या कापड मिलच्या जागेवर आज मॉल आहे. अशा जागा पुसल्या जातात, म्हणून म्हणतो, जुने कामगार भेटताहेत तोवर त्यांना सोबत न्या.