आईची खालची कवळी बसतच नाहीये, सवय होते की कवळीच चुकलीये?

बोरिवलीची_लेक
नमस्कार मंडळी, आईचं वय ७१. उरलेसुरले दात दिवाळीआधी काढले आणि थोड्याच दिवसांत जवळच्याच डेंटिस्टकडून वरची-खालची फुल कवळी करून घेतली. वरची झकास बसलीये, काढताना जोर लावावा लागतो. खालची मात्र बोलता बोलता वर उचलली जाते आणि डावीकडे जिभेच्या बाजूला अशी बोचते की तिथे आता पांढरट फोड आलाय. त्यामुळे कवळी डबीत आणि आई वरणभात कालवून, पोळी दुधात कुस्करून खातेय. परवा लग्नात फोटोपुरती लावली, पंगतीला बसायच्या आधी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. बाबा म्हणतात सवय होईल, डॉक्टर पण तेच म्हणाले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू) सांगितले, आकडा ऐकून आई म्हणाली या वयात एवढे पैसे तोंडात घालू का? कोणाला अनुभव आहे का? ती चिकटवायची पावडर लावून भागेल का?

गिरगावचे_काका
सवय होते हो. माझी आता दुसरी कवळी चालू आहे, पहिल्या वेळी मी पण वैतागून फेकायला निघालो होतो. बोचत असेल तर बारीक पॉलिश पेपर घ्या, तेवढीच जागा हलकेच घासा, काम तमाम. उगाच डॉक्टरच्या खेपा कशाला. आता मी चकलीसुद्धा खातो (कडक नाही, मऊ पडलेली, ती घरात दुसरं कोणी खात नाही म्हणून).

कवळीवाली_डॉक्टर
काका पॉलिश पेपर नको प्लीज!! मी हेच काम करते, कवळ्यांचं, म्हणून जरा लांबण लावते. घरी घासताना नेमकी जागा कळत नाही, भलतीकडची कड जाते आणि मग होती ती पकडही जाते.

ताई, वरची बसते आणि खालची नाही ही तक्रार जवळपास प्रत्येक घरात असते, तुमची आई नाटकं करत नाहीये. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार मिळतो, मध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि कडेने हवा आत शिरत नाही, म्हणून ती चिकटते. खालची घोड्याच्या नालेसारखी, मध्ये जीभ, बाजूला गाल, दोघं मिळून तिला सतत उचलत असतात. त्यात दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतं, पहिल्या काही महिन्यांत जास्तच, आणि खालचं वरच्यापेक्षा जास्त. तुम्ही दात काढल्यावर लगेच माप दिलंय, म्हणजे हिरडी आता तेव्हाची राहिलेली नाही. अशा वेळी रिलाइन करतात, म्हणजे आतल्या बाजूला नवीन मटेरियल भरून कवळी आजच्या हिरडीला बसवतात. ते विचारा.

फोड आहे तोवर कवळी काढून ठेवा, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा, पण डॉक्टरकडे जायच्या आधी काही तास घालून जा. लाल खूण ताजी दिसली की नेमकी तेवढीच जागा घासता येते, नाहीतर आम्ही अंदाजपंचे घासतो. आणि कवळी काढून ठेवूनही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती वेगळी दाखवायची, ते कवळीवर ढकलायचं नाही.

पावडर वाईट नाही, पण चांगल्या बसणाऱ्या कवळीला जादाचा आधार म्हणून. सैल कवळी पावडरीवर रेटत राहिलात तर खालची हिरडी अजून खराब होते.

इम्प्लांटचं म्हणाल तर तोंडभर लागत नाहीत. खालच्या जबड्यात पुढे दोन घालून त्यावर कवळी बटणासारखी टच करून बसवतात, काढता-घालता येते. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सगळे दात गेले असतील तर हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. खर्च आहेच. पण आधी आहे ती दुरुस्त होते का बघा. आईला डायबिटीस असेल किंवा हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या-इंजेक्शन चालू असतील तर इम्प्लांटआधी ते आवर्जून सांगा.

लालबागची_सून
सासूबाईंची कवळी आम्ही डेंटल कॉलेजात केली. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी कॉलेज आहे आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल, प्रायव्हेटपेक्षा खूप स्वस्तात होतं. विद्यार्थी करतात पण सर-मॅडम तपासतात. वेळ मात्र हाताशी ठेवून जायचं. आधी एक माप, मग दुसरं बारीक माप, मग मेणाच्या पट्टीवर चावायला लावतात आणि मग मेणात बसवलेले दात घालून आरसा देतात. इथे लाजायचं नाही, मेणात आहेत तोवरच दात हलवता येतात. सासूबाईंनी तिथेच सांगितलं की पुढचे दात फार पांढरेशुभ्र आहेत, सिनेमातली बाई वाटतेय मी. बदलून दिले.

खाण्याचं, सुरुवातीला उपमा, मऊ खिचडी, घावन. पोळीचे छोटे तुकडे आणि घास दोन्ही बाजूंना थोडा थोडा. पुढच्या दातांनी पेरू-कणीस तोडायला गेलं की कवळी मागून उचलते, म्हणून फोडी करूनच. बोलताना स आणि श ला शिट्टी वाजायची, त्या रोज हरिपाठ मोठ्याने म्हणायला लागल्या, हळूहळू गेली.

रात्री कवळी काढायचीच, हिरडीला हवा लागली पाहिजे, नाहीतर कवळीखाली बुरशीने टाळू लालभडक होते. मऊ ब्रश आणि भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, टूथपेस्ट नाही, तिने चरे पडतात आणि चऱ्यात घाण बसते. गरम पाणी बिलकूल नाही, वाकडी होते. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवायचं, हातातून सटकली तर फुटत नाही. मग रात्रभर साध्या पाण्यात, झाकणाच्या डबीत. आमच्याकडे आधी वाटी होती, कामवाल्या मावशींनी पाणी म्हणून ओतली आणि कवळीचे दोन तुकडे.

गिरगावचे_काका
फेविक्विक लावायचं ना मग

कवळीवाली_डॉक्टर
काका 🙏 नाही. ते तोंडात घालायचं नसतं आणि तुकडे एकदा तिरके चिकटले की लॅबला नीट जोडता येत नाहीत. दोन्ही तुकडे जपून आणले तर बहुतेक वेळा रिपेअर होते.

बोरिवलीची_लेक
सगळ्यांचे आभार, आईला सगळं वाचून दाखवलं. ती आता सांगतेय की मेणातले दात घातले तेव्हाच तिला तोंड भरल्यासारखं वाटलं होतं, ओठ मिटायला त्रास होत होता, पण डॉक्टर घाईत होते म्हणून बोलली नाही. याचा काही संबंध?

कवळीवाली_डॉक्टर
असू शकतो. बोलताना वरचे-खालचे दात एकमेकांवर टकटक वाजतात का, संध्याकाळपर्यंत जबडा दुखतो का? तसं असेल तर दातांची उंची जास्त झालीये, आणि ती नुसत्या रिलाइनने कमी होत नाही, चावा, म्हणजे मेणाच्या पट्टीवर चावून घेतात ते माप, परत घ्यावा लागतो. डॉक्टरांना आधी उंची तपासायला सांगा, रिलाइनचं मग.

बोरिवलीची_लेक
वाजतात! आम्हाला वाटलं सैल आहे म्हणून वाजतात. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये, सकाळपासून घालून बस म्हटलंय तिला.