लायका थ्रीएफ: हा माणूस माझा आकडा चाचपत होता का?

रीळवेडा: मंडळी एक शंका आहे. मी सध्या जर्मनीत, इथल्या एका ऑनलाईन लिलावात लायका थ्रीएफ हा जुना फिल्म कॅमेरा दिसला, रेड डायल (डायलवर लाल आकडे असलेला), सोबत पन्नासची एल्मार लेन्स. ४०० ची कमाल बोली टाकून झोपलो, तेव्हा भाव २१५ युरोवर होता. सकाळी बघतो तर रात्री पावणेदोनला एकाच माणसाने दहा-दहा युरो करत वीसेक बोल्या लावल्यात, ४०० ओलांडले आणि गप्प. शेवटी लिलाव त्यालाच गेला. आता विक्रेत्याचा मेसेज, 'त्याने पैसे भरले नाहीत, तुमच्या ४०० ला देतो.' घेऊ का?

गिरगाव३५: अजिबात नको!! सिस्टिम तुमचे ४०० कुणाला दाखवत नाही, समोरच्याच्या एक पायरी वर फक्त ठेवते, म्हणून विक्रेत्याच्याच माणसाने एकेक पायरी चढून तुमचा कमाल आकडा शोधला असणार. त्या बोलीवाल्याची हिस्टरी उघडा, नाव झाकलेलं असलं तरी बऱ्याच साईटवर तो याच विक्रेत्याच्या किती टक्के वस्तूंवर बोली लावतो ते दिसतं. हे नवीन नाही हो, २००० साली ईबेवर एका अमेरिकन वकिलाने डीबेनकॉर्न या नामांकित चित्रकाराचं वाटावं असं चित्र २५ सेंटपासून लावलं, मित्रमंडळींच्या अकाउंटवरून चढवलं, आकडा गेला १,३५,८०५ डॉलरवर, मग एफबीआय दारात.

जुनी_काच: एक मिनिट, नवखा माणूसही असाच दहा-दहाने चढतो, लगेच चोर म्हणू नका. आणि डीलर असेल तर उलट बरं, तो सर्व्हिसिंग आणि नफा धरूनच थांबतो, त्याच्यापेक्षा एक पायरी वर घेतलं तर फार फसत नाही माणूस. डीलर लोकांची खरी चलाखी वेगळीच, रिंग करतात, बोली एकानेच लावायची, माल स्वस्तात उचलायचा आणि मग आतल्या आत पुन्हा लिलाव. ब्रिटनमध्ये १९२७ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. तिथे मरतो तो विकणारा.

पण पैसे न भरणं आणि लगेच तुम्हाला ऑफर, हे मात्र शंभर टक्के वास मारतंय. तो बोलीवाला काढून टाकला तर तुमचा भाव होता २१५. तेवढेच देतो म्हणा. आणि पुढच्या वेळी शेवटच्या पाच सेकंदांत बोली टाका, चाचपायला वेळच मिळत नाही.

गिरगाव३५: २०२२ ला वेट्झलारमध्ये लायकाचा जनक बारनाक याची स्वतःची लायका १ कोटी ४४ लाख युरोला गेल्यापासून आजोबांच्या कपाटातला प्रत्येक कॅमेरा सोन्याचा झालाय 😄

रीळवेडा: अपडेट. २२० देतो म्हणालो, उत्तरच नाही. आज तोच कॅमेरा परत लागलाय, सिरीयल नंबर तोच, फोटो तेच, फक्त वर्णनात 'अतिदुर्मिळ' नवीन आलंय.