झोळीखाली टांगायच्या रजईला काय म्हणावं?

झोळीकर:
आम्ही चारसहा जण दोन झाडांना झोळी बांधून रानात झोपतो. त्यांच्यासाठी घरच्या घरी 'अंडरक्विल्ट' कशी शिवायची याचं दोन पानी टिपण मराठीत लिहायला घेतलं आणि नावातच अडलो.

वस्तू अशी. झोळीत झोपलं की पाठीखालची स्लीपिंग बॅग भाराने चेपते, तिच्यातली हवा जाते, आणि ऊब धरते ती हवाच. शिवाय खालून वारा. म्हणून एक रजई झोळीच्या बाहेरून, बुडाला लागेल अशी टांगतात. तिच्यावर कुणी झोपत नाही, त्यामुळे ती फुगलेली राहते.

मी 'तळगोधडी' लिहिलं. आत्याला म्हटलं, एक तळगोधडी हवी. तिने कपाटातली थप्पी उचकटून सगळ्यात खालची गोधडी काढून दिली. नीट समजावल्यावर नवी शिवली, पण गोधडीच शिवली: बोट-बोट अंतरावर धावदोरा, पापडासारखी सपाट. जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या आठवड्यात बार्शीकडे एका शेतात दोन लिंबांना झोळी बांधली. पहाटे तीनला पाठ फरशीवर टेकल्यागत गार. चूक आत्याची नाही, मी दिलेल्या शब्दाची. दुसरा शब्द सुचवा. टांगायच्या दोऱ्यांना काय म्हणायचं तेही सांगा.

व्याकरणप्रेमी:
संस्कृतात 'तूलिका' म्हणजे कापसाची गादी. त्यावरून 'अधस्तूलिका'. अर्थ नेमका, शब्द आपला.

पेठेतला:
अधस्तूलिका म्हटल्यावर आत्या गोधडी नाही, काढा करून देईल.

सुईदोरा:
शब्दाचं तुम्ही बघा, मी शिवणाचं सांगते. गोधडीत जुनी लुगडी एकमेकांना धरून राहावीत म्हणून दाट टाके घालतात. इथे उलटं हवं. टाका आरपार गेला की तिथला कापूस दबतो आणि थंडी त्याच रेषेने आत येते. जुन्या स्लीपिंग बॅगेची चेन उघडून ती पसरा, मधे सुई लावूच नका. फक्त कडांना नेफा शिवा, परकराला असतो तसा. आखूड बाजूच्या नेफ्यात इलॅस्टिकची दोरी पिनेने ओवून चुण्या पाडा, म्हणजे टोकाशी वारा शिरत नाही. लांब बाजूंच्या दोऱ्या झोळीच्या दोन टोकांपर्यंत नेऊन हुकात अडकवा. मग एकाला आत झोपवून दुसऱ्याने खालून हात घालून बघायचं. मधे मूठ जात असेल तर सैल. रजई पाठीला दाबत असेल तर ताण जास्त, पुन्हा तेच चेपणं. आणि दोऱ्यांना काय म्हणायचं म्हणजे? नाडी म्हणा की!

व्याकरणप्रेमी:
नाडी वैद्य बघतो.

सुईदोरा:
आणि परकर कशाने बांधतात?

पेठेतला:
मला मूळ मुद्दा वेगळा वाटतो. अंथरूण म्हणजे ज्यावर अंग टाकायचं ते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' म्हणतो ते त्यामुळेच. या रजईवर कुणी अंग टाकतच नाही, म्हणजे ती खाली असली तरी अंथरूण नाही. ते पांघरूण आहे, फक्त झोळीला खालून घातलेलं. पांघरूण प्रावरणावरून आलं. त्यात झाकणं आहे, वर-खाली काही नाही. सरळ 'खालचं पांघरूण' म्हणा.

मुळा-मुठा:
आमच्याकडे पांघरूण वरूनच घालतात हो. 'अस्तर' का नको? कोटाला आतून, झोळीला बाहेरून.

व्याकरणप्रेमी:
अस्तर चालेल. आस्तरण, स्तृ धातू.

पेठेतला:
अस्तर फारसीतून आलंय. शिंप्याकडून आलंय, पंडिताकडून नाही.

व्याकरणप्रेमी:
फारसी आणि संस्कृत एकाच कुळातल्या. आस्तर संस्कृतातही आहे.

पेठेतला:
मग रजईसुद्धा फारसीच, तिने काय घोडं मारलं? 'टांगती रजई' म्हणा आणि मोकळे व्हा.

पूर्वभाग:
आमच्या घरी तेलुगूत बोंत, शेजारच्या कन्नड घरात कौदी, समोरच्या मराठी वाड्यात वाकळ. सोलापुरात एका गल्लीत या तिन्ही दोरीवर वाळत असतात आणि बाया एकमेकींना कसलाही कोश न बघता सुई मागतात. आमचा चादरी विणायचा जेकॉर्डचा माग होता. त्या हक्काने सांगतो, गावाच्या प्रेमापोटी कुणी सोलापुरी चादर या कामाला घेऊ नका. मी घेतली होती. सुताची, वजनाला भारी, दव प्यायली की उन्हं वर येईपर्यंत वाळत नाही. झोळीच्या बुडाला ओलं पोतं लटकल्यासारखं झालं. अंगावर घ्यायला मात्र तिच्यासारखी दुसरी नाही. नावाचं म्हणाल तर वाकळ घ्या. 'झोळवाकळ'.

व्याकरणप्रेमी:
वाकळ म्हणजे वल्कल. झाडाची साल.

पूर्वभाग:
झाडालाच टांगताय की मग. बसतंय बरोबर.

मुळा-मुठा:
मला 'झोळी'च खटकते. झोळी भिक्षेची, नाहीतर बाळाची. मोठा माणूस झोपतो तो झुला.

सुईदोरा:
झुला झुलायला. झोपायला झोळीच. गावाकडे आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून रस्त्यापर्यंत आणतात, तो काय बाळ असतो?

झोळीकर:
'खालचं पांघरूण' आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खाली पडलंय व्हय? उचल मग." 'टांगती रजई' म्हटल्यावर मात्र लगेच विचारलं, "कशाला टांगायची?" म्हणजे निम्मं तरी पोचलं. मागच्या शनिवारी जुनी बॅग उसवून नेफा शिवलाय. दोऱ्यांना टिपणात 'नाडी' लिहू की 'ताण'? तंबूच्या दोरीला ताण म्हणतात, आणि इथेही सगळा खेळ ताणाचाच आहे.

मुळा-मुठा:
मघापासून विचारायचं राहिलं. दोन लिंबांना झोळी? लिंबाचं झाड माणूस पेलतं?

पूर्वभाग:
लिंब म्हणजे कडुलिंब ओ. तुमचं ते लिंबू.

मुळा-मुठा:
आमच्याकडे लिंब, लिंबू एकच. कडू असेल तर कडू म्हणावं.

पेठेतला:
पाडव्याला गुढीला काय बांधता तुम्ही? लिंबाचा पाला की लिंबाच्या फोडी?

व्याकरणप्रेमी:
मूळ शब्द निंब. यावर खरं तर वेगळी चर्चा काढायला हवी.

झोळीकर:
काढा. नाडीचं राहिलंच की ओ.