कलोपचारात गुण कशाचा: हाताच्या कामाचा की नंतरच्या बोलण्याचा?

आडवा_धोटा
मुद्दा थेट मांडतो. आर्ट थेरपीत, म्हणजे कलोपचारात, माणूस सावरतो तो हाताच्या कामामुळे. नंतरची 'या चित्रातून काय वाटतं' ही चौकशी बहुतेक वेळा फुकटची. इंग्रजीत हा शब्द 1942 मध्ये आणला एड्रियन हिलनं. तो चित्रकार होता, क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये पडून चित्रं काढायचा. मानसतज्ज्ञ नव्हता.

2005 चा एक प्रयोग बघा. 84 कॉलेज विद्यार्थ्यांपैकी काहींना मंडल (गोलातली नक्षी) रंगवायला दिलं, काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकडे, दोन्हींनी चिंता उतरली. कोऱ्या कागदानं नाही. चौकडा म्हणजे आपल्या सोलापुरी चादरीचाच की ओ! 2016 मध्ये 39 प्रौढांनी 45 मिनिटं चित्र-मातीचं काम केलं, तर साधारण तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, घटलं. आधी कधी ब्रश धरला होता की नाही, यानं फरक पडला नाही.

म्हणून म्हणतो, समजा सोलापूरच्या पूर्व भागातल्या दहा विडी कामगार बायकांचा गट करायचा आहे. चांगला ड्रॉइंग टीचर आणि आठवड्याला दीड तास. पुरे.

निळी_शाई
धोटेसाहेब, निम्मंच सांगितलंत. तोच प्रयोग 2012 मध्ये 50 जणांवर पुन्हा झाला. मंडल टिकलं, चौकडे मात्र कोऱ्या कागदापेक्षा सरस ठरले नाहीत. 2016 च्या अभ्यासात तुलनेचा गटच नव्हता. 45 मिनिटं नुसतं निवांत बसूनही कॉर्टिसोल उतरू शकतं. आणि ती धडधाकट माणसं होती. ताण उतरणं वेगळं, आजारातून बाहेर येणं वेगळं.

हा वाद जुनाच आहे, अमेरिकेत कलोपचार रुजवणाऱ्या दोघींचा. मार्गारेट नॉमबर्गच्या मते चित्र म्हणजे आतलं बाहेर यायची वाट, मग त्यावर बोलायचं. एडिथ क्रेमरच्या मते घडवण्याची क्रियाच उपचार. पण क्रेमरही मुलांसोबत बसायची ती त्यांच्या मनाचं काय चाललंय ते ओळखून. नुसतं 'छान काढलंस' म्हणायला नव्हे.

ड्रॉइंग टीचरची सवय आडवी येते ती इथेच. झाडाला मुळं नसली की तो म्हणतो, मुळं काढ. ती बाई मुद्दाम तशीच सोडत असेल, तर संपलं.

उलट टोकही वाईट. 'काळा रंग म्हणजे नैराश्य' असली कुंजी वापरणारे उपचारक आहेत. आपल्याकडे संक्रांतीला, ऐन गड्ड्यात (सिद्धेश्वराच्या जत्रेत), बायका हौसेनं काळी साडी नेसतात! अर्थ विचारायचा तो काढणारीला. तोही 'हे काय आहे?' असा नाही. 'याबद्दल सांगा', 'यात तुम्ही कुठं उभ्या आहात?', 'कागदाबाहेर काय चाललंय?' असं. उत्तर आलं नाही तर गप्प बसायचं.

शाडूचा_गोळा
दोघंही साहित्याबद्दल बोलत नाही आहात, आणि निम्मा उपचार तिथंच ठरतो. पेन्सिल, स्केचपेन, कात्रणं यांवर हाताचा ताबा राहतो. ऑइल पेस्टल मधलं. पोस्टर कलर, ओली माती ताबा सोडायला लावतात आणि भावना वर काढतात. पहिल्याच दिवशी पातळ रंग आणि मोठा कागद दिला, तर घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. भ्रम-भास होणाऱ्याला तर तो देऊच नये. त्याला कात्रणं, ए-4 कागद, कडेनं आखलेली चौकट. ज्याचं सगळं मोजूनमापून चालतं, त्याला मात्र पाच-सहा बैठकांत हळूहळू पट्टीकडून पाण्याकडे न्यावं लागतं.

दीड तासाचं वाटप साधारण असं: 10 मिनिटं बसणं-स्थिरावणं, 45 ते 50 काम, 20 ते 25 चित्रं भिंतीला लावून बघणं-बोलणं, उरलेली आवराआवर. आवराआवर गाळू नका. ब्रश धुता धुता माणूस परत जमिनीवर येतो. कुणी रडत असताना घड्याळ बघून गट उठवला, तर ती बाई ते सगळं तसंच घरी घेऊन जाते.

आता सोलापूरचं. मे महिन्यात पत्र्याखाली ऑइल पेस्टल मेणासारखे लिबलिबतात. पाण्याच्या बादलीशेजारी सावलीत ठेवा. पोस्टर कलर कागदावर पसरायच्या आत वाळतो, म्हणून कागद आधी स्पंजानं ओला करा आणि 200 जीएसएमपेक्षा पातळ घेऊ नका, पोपडे निघतात. पंख्यामुळे चारही कडा मास्किंग टेपनं पाटीला चिकटवा. शाडू माणशी अर्धा ते पाऊण किलो, सतत ओल्या फडक्याखाली. तडकलेली वस्तू साधी गोष्ट नाही. 'माझ्या हातचं काहीच टिकत नाही' हे वाक्य तिथं हमखास येतं, आणि ते तुमच्या निष्काळजीपणामुळे आलेलं असतं.

आणि विडी कामगार बायकांचा हात हजारावर मोजणीला बसलेला आहे. 'किती काढायची?' हाच पहिला प्रश्न येईल. त्यांना एकच कागद द्या, दोन बैठका पुरवा. हातमाग ठेवू म्हणणारेही भेटतील. ज्यांच्या घरी दिवसभर खटखटाट आहे त्यांना तो उपचार नव्हे, ओव्हरटाइम.

आडवा_धोटा
साहित्याचं मान्य. पण बोलण्याची एवढी महती असेल तर 2012 च्या ब्रिटनमधल्या चाचणीचं काय? स्किझोफ्रेनियाचे 417 रुग्ण, प्रशिक्षित उपचारक, वर्षभर दर आठवड्याला गट. दोन वर्षांनी तपासलं तर नेहमीच्या उपचारांपेक्षा काडीचा फरक नाही.

निळी_शाई
खरं आहे, आणि आम्ही उपचारकांनी ते पचवायला हवं. पण त्यात बरेच रुग्ण गटाला फिरकलेच नव्हते. चिठ्ठी टाकून गटात घातलेला आणि स्वतःहून ब्रश मागणारा, हे दोन वेगळे रुग्ण. शिवाय त्या चाचणीत चित्रही होतं ना? मग तुमचं हाताचं कामही तिथं हरलंच.

आडवा_धोटा
हरलं, बरं. तरी टीचर स्वस्त पडतो, आणि शेवटी प्रदर्शन भरवलं की बायकांना मान मिळतो. जानेवारीत गड्ड्यात एक स्टॉल घ्या.

निळी_शाई
टीचर घ्या, पण सोबत मानसतज्ज्ञ बसू दे. कुणी मरणाचं बोललं तर टीचरनं काय करायचं, हे पहिल्या दिवसाआधी लिहून ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 भिंतीवर नको, त्याच्या खिशात हवा.

प्रदर्शनाला माझा ठाम विरोध. शेवटी स्टॉल आहे हे कळलं की पहिल्या आठवड्यापासून सगळ्या सिद्धेश्वराचं देऊळ आणि तळं काढतील. उपचार केंद्रातला गट असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच आहे.

शाडूचा_गोळा
प्रत्येकीची वेगळी फाइल, मागे तारीख आणि वरची बाजू कुठली त्याची खूण. पुढच्या बाजूला तुमचा एक ठिपकाही नको. कपाटाला कुलूप.

आडवा_धोटा
आणि एखादीला स्वतःलाच लावायचं असेल तर?

शाडूचा_गोळा
मग आधी ते घरच्या भिंतीवर महिनाभर राहू दे. नवरा, सासू, शेजारीण काय म्हणतात ते ऐकूनही तिला लावावंसं वाटलं तर तिच्या नावानं लावा. गटाच्या नावानं नाही.