मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लांट नंतर १५ किलो वाढलो, त्यात चरबी किती अन् मसल किती कसं कळणार? क्रिएटिनिनचा पण घोळ झालाय

मंडळी नमस्कार. मी परभणीचा, वय ३१, मोंढ्यात आडतीवर हिशोबाचं काम करतो. आईनं किडनी दिली, संभाजीनगरला ऑपरेशन झालं, त्याला आता १४ महिने झाले.

डायलिसिसवर होतो तेव्हा ड्राय वेट (अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) ५४ किलो होतं, निस्ता सांगाडा. आता ६९. त्यातलं बरंच पहिल्या सहा महिन्यातच चढलं, स्टिरॉइडनं भूक अशी लागायची की रात्री २ ला उठून भाकरी शोधायचो, अन् दोन वर्ष पाणी मोजून पिलेल्या, भाज्या उकळून पाणी फेकून खाल्लेल्या माणसाला घरचे काय अडवणार. गाल फुगले, पोट पुढं आलं पण दंड-मांड्या काडीसारख्याच, खाली बसलो की उठताना हात टेकावा लागतो. सगळे म्हणायलेत तब्येत सुधारली, मला तर फक्त पोटच सुधारलेलं दिसतं.

डॉक्टर सरांनी चालायला पहिल्यापासूनच सांगितलं होतं, वजन उचलायचं मात्र सुरुवातीचे दोन-तीन महिने नाही. आता म्हणले जिम चालंल पण हलकं सुरू कर, नवीन किडनी पोटात उजवीकडं खाली आहे तिथं मार बसंल असं काही नको, कबड्डी-कुस्ती बंद. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) आहे, त्यावर पण जोर द्यायचा नाही. म्हणून दीड महिन्यापासून जायलोय.

तिथल्या ट्रेनरनं बॉडी अ‍ॅनालिसिसच्या मशीनवर उभं केलं, फॅट ३१ टक्के. आठ दिवसांनी २७. मी खुश. दुसऱ्या दिवशी सकाळी गंमत म्हणून परत उभा राहिलो तर ३०! म्हणजे आठ दिवसात पावणेतीन किलो चरबी गेली अन् रात्रीतून दोन किलो परत आली? असा काटा आडतीवर असता तर शेतकऱ्यांनी आम्हाला मोंढ्यात उभं केलं नसतं.

दुसरं म्हणजे क्रिएटिनिन, किडनी नीट चालली का ते ज्यावरून बघतात तो रक्तातला आकडा. वर्षभर १.१ च्या वर गेलं नव्हतं, मागच्या आठवड्यात १.३ आलं. घरात सुतक पडल्यासारखं झालंय, आई म्हणायली माझी किडनी जिमला घालू नको. ट्रेनर म्हणतो मसल वाढलं की क्रिएटिनिन वाढतच असतं, टेन्शन नका घेऊ, अन् त्याच दमात मसल वाढवायच्या क्रिएटिन पावडरचा डबा दाखवला. घेतला नाही. सरांना रिपोर्ट पाठवला, त्यांनी चार दिवस जिम बंद ठेवून परत क्रिएटिनिन, लघवीची तपासणी अन् टॅक्रोलिमसची (शरीरानं नवीन किडनी नाकारू नये म्हणून घेतो ती गोळी) रक्तातली लेव्हल करायला सांगितली.

तर ज्यांचं ट्रान्सप्लांट झालंय अन् व्यायाम करतात त्यांनी सांगा, व्यायामानं खरंच इतकं वाढतं का? अन् घरच्या घरी चरबी-मसलचा हिशोब तुम्ही कसा ठेवता? डेक्सा म्हणून काही स्कॅन असतं म्हणे, ते फक्त हाडांचं का?

प्रतिसाद (लातूर)

दादा, माझ्या ट्रान्सप्लांटला ९ वर्ष झाली. सर म्हणले तसंच करा. ट्रेनरचं अर्धं खरं आहे, क्रिएटिनिन मसलमधूनच येतं त्यामुळं आदल्या दिवशी जोरात व्यायाम केला किंवा रात्री मटण चापलं तर थोडं वर दिसू शकतं. पण आपल्यासारख्यांनी तसं गृहीत धरून बसायचं नसतं, रिजेक्शन, म्हणजे शरीरानं किडनी नाकारणं, बऱ्याचदा दुखत-खुपत नाही, आधी रिपोर्टातच दिसतं. क्रिएटिन पावडरनं तर आकडा अजून वर जाईल अन् डॉक्टरांना काहीच उमगायचं नाही. टॅक्रोचं रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्या हं, मी एकदा गोळी खाऊन गेले अन् लेव्हल भलतीच वर आली, डोस कमी होता होता राहिला.

ते मशीन पायातून बारीक करंट सोडतं अन् अंगातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी पिऊन, जेवून, घाम गाळून उभं राहिलं की आकडा बदलणारच, त्यात स्टिरॉइडनं आपल्या अंगात पाणी धरतं. बघायचंच तर महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, त्याच मशीनवर. डेक्सात चरबी-मसल पण कळतं पण होल बॉडी सांगून करावं लागतं, नाहीतर फक्त मणका अन् खुबा बघतात. मी तर शिंप्याची टेप वापरते, आपल्याकडं पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे, बायकांचा ८०. अन् हात छातीवर बांधून खुर्चीवरून ३० सेकंदात किती वेळा उठता येतं ते दर महिन्याला कॅलेंडरवर लिहिते. स्टिरॉइड आधी मांड्याच खातं, म्हणून मला तरी हा आकडा वजनापेक्षा कामाचा वाटतो.

एक विचारते, जिमनं अंग दुखलं म्हणून मेडिकलवरून गोळी तर घेतली नाही ना? डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन वगैरे आपल्याला चालत नाही.

धागाकर्ता

ताई, घेतली होती की! दोनदा, त्याच आठवड्यात, मेडिकलवाल्यानं दिली अन् मी नाव पण बघितलं नाही. तुमचं वाचून पाकीट हुडकलं, डायक्लोफेनॅकच निघालं. लगेच सरांना फोन केला, लई बोलले. गोळी बंद, तपासणी मात्र ठरल्याप्रमाणं परवा करायचीच म्हणले, लेव्हल पण.

टेप लावली, ९६ सेंटिमीटर. खुर्चीवरून ११ वेळा उठलो. आई शेजारी उभी राहून मोजत होती, मग म्हणली बघू मला जमतंय का, अन् १५ वेळा उठली. ५७ वय आहे तिचं, अन् एकाच किडनीवर.

होल बॉडी डेक्सा परभणी-नांदेडकडं कुठं होतो का संभाजीनगरलाच जावं लागंल, कुणाला माहीत असलं तर खर्चासकट सांगा.